नॅशनल चिकलचं 'बॅटर-अप' कार्ड (१९३४-३६): घ्यावं का?

बेसबॉलची जुनी कटआउट कार्डं जमवणाऱ्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांना हा येडेपणा वाटेल. क्रिकेट सोडून हे कुठून डोक्यात शिरलं असं घरचे पण विचारतात, असो.

तर बॅटर-अप हा १९२ कार्डांचा सेट, मॅसॅच्युसेट्समधल्या नॅशनल चिकल कंपनीने च्युइंगगमसोबत काढलेला. खेळाडूच्या आकृतीभोवती कागद आधीच कापलेला असतो, मागचं बॅकग्राउंड दुमडलं की गडी टेबलावर ताठ उभा राहतो, दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यासारखा. पण त्यानेच कार्डांची वाट लागली, पोरांनी खेळून खेळून दुमडलेला भाग तुटला आणि वरचा तुकडा गेला तो गेलाच. म्हणून वरचा भाग शाबूत असलेलं कार्ड महाग.

मी घेतलं वॉली बर्गरचं, सेटमधलं १ नंबरचं. बोस्टन ब्रेव्हजचा हा प्लेअर, १९३० मध्ये पहिल्याच सीझनला ३८ होमरन ठोकले तरी आज फारसं कुणी नाव घेत नाही, त्यामुळे याच सेटमधल्या जिमी फॉक्ससारख्या मोठ्या स्टारच्या मानाने खूप स्वस्त पडतो. माझ्या कार्डाला हिरवट टिंट आहे, खांद्यापाशी घडीची पांढरी रेघ, तिथली शाई उडून कागदाचे तंतू वर आलेत. मला तीच रेघ आवडते, कोणीतरी खरंच खेळलंय याच्याशी! ग्रेडिंगवाले (कार्डाची अवस्था तपासून मार्क देणारे) अशाला कमी मार्क देतात ते देऊदेत, आणि त्यांच्या प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये सील केल्यावर ते उभं कुठे करणार?

घेताना मागची बाजू नीट बघा, ती कोरी असते त्यामुळे टेप-गोंदाचे डाग लगेच कळतात, तुटलेला तुकडा चिकटवून 'पूर्ण' म्हणून खपवणारे भरपूर आहेत. ८१ नंबरपासून पुढची कार्डं उंचीला थोडी कमी आणि मिळायलाही अवघड, तेव्हा पूर्ण सेटच्या नादी लागायचं तर खिसा बघून लागा. बजेट कमी असेल तर टॉप्स कंपनीचे १९६४ चे स्टँड-अप्स बघा, ७७ च कार्डं, रंगीत फोटो, खेळाडूच्या मागे पिवळा-हिरवा रंग, आयडिया सेम. फक्त त्यातली २२ कमी छापली होती, तिथे परत भाव चढतो.

कार्डाला ५ पैकी ५ स्टार. विकणाऱ्याला २, नव्वद वर्षांच्या कागदाला रबरबँड कोण लावतं राव!