बँकॉकचे ३५ हजार की चियांग माईचे २७?

बँकॉकच्या एका एजन्सीमार्फत मी थायलंडला इंग्रजी शिकवायला आले. कागदपत्रांचं काम त्यांनी चोख केलं: नॉन-इमिग्रंट बी व्हिसा (नोकरीसाठीचा), वर्क परमिट, दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला कळवायचा पत्ता, सगळं वेळेवर. पगारही ठरल्याप्रमाणे महिना ३५ हजार बाथ (थाई चलन). पण करार दहाच महिन्यांचा आणि मार्च-एप्रिलच्या सुट्टीत पगार नाही, हे मला सही झाल्यावर कळलं. याचा राग अजून गेलेला नाही. तेव्हा आधी वर्षाचा आकडा विचारा, मग महिन्याचा.

पुढच्या वर्षी मी स्वतःच अर्ज करून उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहरातल्या शाळेत लागले. २७ हजार, पण बारा महिने. हिशेब मांडला तर वर्षाला २६ हजार बाथ कमी. भाडं मात्र नऊ हजारांवरून पाच हजारांवर आलं, म्हणजे तिथेच ४८ हजार वाचले! शाळा दहा मिनिटांवर, त्यामुळे पहाटे पाचचा गजर गेला. संध्याकाळी गॅलरीतून दोई सुथेपचा डोंगर दिसतो, कोपऱ्यावर गरम खाओ सोई (रश्शातल्या नूडल्स) मिळते, आणि घरी फोन करताना मी दमलेली नसते. आईला ते आवाजावरून कळतं.

एक गोष्ट आधी सांगायलाच हवी. फेब्रुवारी ते एप्रिल इथे शेतं नि जंगलं जळतात, धुराने डोंगर दिसेनासा होतो. दमा असेल तर इथली नोकरी घेऊ नका. मी त्या सुट्टीत नाशिकला येते.