जंगलातला मलेरिया: मच्छरदाण्या, गावातला कार्यकर्ता की घरोघर गोळ्या?

कंबोडिया किंवा म्यानमारच्या सरहद्दीवरच्या जंगलगावांत मलेरियाचं काम करायचं आहे आणि पैसा मोजकाच आहे, तर तीन वाटा समोर येतात. माझं मत आधीच सांगते: पहिला पैसा गावातल्या कार्यकर्त्यावर लावा.

औषध लावलेल्या मच्छरदाण्या स्वस्त पडतात, पटकन वाटून होतात आणि घरात झोपणाऱ्या लेकरांना त्या हव्यातच. पण इथला ॲनोफिलीस डायरस हा जंगलातला डास. तो बऱ्याचदा माणूस आडवा होण्याआधीच, घराबाहेर चावतो. रबराचा चीक काढणारे मजूर तर रात्रीच कामावर असतात. त्यांना मच्छरदाणीचा काय उपयोग?

कंबोडियाने २००४ पासून गावोगावच्या माणसांना तपासणी शिकवली. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, वर द्रावणाचे थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एकच रेघ आली तर मलेरिया नाही. दुसरीही उमटली तर गोळ्या तिथेच, फुकट. पावसाळ्यात रस्ता चिखलात गेला की हाच दवाखाना. फाल्सिपेरम या मलेरियाच्या सर्वांत घातक जातीचा ताप एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो, म्हणून हे अंतर वाचणं फार मोलाचं. कंबोडियात २०१८ नंतर कित्येक वर्षं मलेरियाने एकही मृत्यू नोंदला गेला नाही, त्यात या माणसांचा मोठा वाटा आहे. गडचिरोलीत किट घेऊन टोल्यावर जाणारी आशाताई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यातही एक अडचण आहे. मलेरिया कमी झाला की पट्टी बहुतेकदा निगेटिव्ह येते. नुसतं ‘मलेरिया नाही’ ऐकून ताप अंगावर घेऊन परतलेला माणूस पुढच्या वेळी येईल कशाला? म्यानमारमध्ये याच कार्यकर्त्यांना न्यूमोनिया, जुलाब अशा साध्या आजारांचे उपचारही दिले, तेव्हा मलेरियाच्या तपासण्या वाढल्या. म्हणून हा खर्च सुरुवातीलाच धरा.

तिसरी वाट म्हणजे आजारी-निरोगी सगळ्यांना गोळ्या. म्यानमारच्या कायिन राज्यात २०१४ पासून बाराशेहून अधिक गावांत आधी मलेरिया केंद्रं उभी केली, आणि जिथे छुपा संसर्ग फार आढळला त्याच गावांत तीन महिने, दर महिन्याला तीन दिवस गोळ्या दिल्या. फाल्सिपेरम झपाट्याने घटला. पण धडधाकट माणसाला गोळी घ्यायला राजी करणं सोपं नाही, आणि नंतर येणारा प्रत्येक ताप पकडायला केंद्र लागतंच. शिवाय यकृतात दडून बसणाऱ्या व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीला या गोळ्या पुरत नाहीत. त्याला प्रायमाक्विनचा बहुधा चौदा दिवसांचा डोस लागतो, तोही रक्तातलं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम पुरेसं आहे का ते तपासूनच. ताप उतरल्यावर दहाव्या दिवशीची गोळी घेतली का, हे विचारायला गावातलंच कुणीतरी हवं.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: भर पावसाळ्यात किट आणि गोळ्या त्या गावात कोण पोचवणार, आणि कार्यकर्तीला दरमहा मानधन किती मिळणार?