चार्जिंगचा शेकायचा पट्टा, लेकीच्या पाळीच्या दुखण्यासाठी घेतला

लेक चौदा वर्षांची, पाळीच्या पहिल्या दिवशी गुडघे छातीशी घेऊन पडून असते, कधी उलटीपण होते, म्हणून हा मागवला. शेक छान लागतो, गरम पाण्याच्या पिशवीसारखी सांडायची भीती नाही, वेल्क्रो असल्यामुळे बांधून घरभर फिरता येतं आणि कुर्त्याखाली कळतसुद्धा नाही. पण सगळ्यात वरची लेव्हल जाम तापते, मध्ये पातळ कपडा हवाच, आणि लावून झोपू देऊ नका. बॅटरी फुसकी, तासाभरात मान टाकते, एक स्टार त्याचाच कापलाय. व्हायब्रेशनचं बटण नुसतं शोभेला.

तरी एकट्या पट्ट्याने भागत नाही हं. गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्याने स्नायू आवळतात आणि कळा येतात, आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी ती बनणंच कमी करते, म्हणून दुखणं पार टोकाला जायची वाट न बघता कळ सुरू होताच घ्यायची, काहीतरी खाऊन, आणि डोस डॉक्टरांना विचारूनच, दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी विचारल्याशिवाय अजिबात नाही. वरून शेक, मग पोरगी उठून बसते.

गोळी आणि शेक दोन्ही करूनही दर महिन्याला शाळा बुडत असेल तर मात्र "होतं गं सगळ्यांनाच" म्हणणाऱ्या मावशी-आत्यांचं ऐकू नका, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) या वयातही असू शकतो आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे तो नाहीच असं नसतं.