स्वर्गारोहण चॅपल, जैतूनाचा डोंगर, यरुशलेम : 4 स्टार (कापलेला एक स्टार टूरवाल्यांचा)

होली लँड टूरला गेलात की इथे नेतातच, आणि बहुतेक लोक पाच मिनिटांत बाहेर येऊन "एवढंच?" म्हणतात. आमच्या बसमधल्या निम्म्या लोकांनी म्हटलं आणि खरं सांगते, आधी मीपण. त्याआधी पवित्र कबरेचं चर्च, बेथलेहेम असं सगळं करून आलेलो, दिवे, धूप, तासभर रांगा, आणि इथे बघावं तर एक दगडी अंगण, मधोमध अष्टकोनी छोटीशी खोली, वर घुमट, आत काहीच नाही. वेदी नाही, बाक नाही, एक चित्रसुद्धा नाही. जमिनीत दगडी चौकट करून खडकाचा तुकडा ठेवलाय, त्यावर खळगा आहे, प्रभू येशू इथून स्वर्गात गेला तेव्हा उमटलेलं उजवं पाऊल असं परंपरा सांगते. डाव्या पावलाचा भाग मध्ययुगातच अल अक्सा मशिदीत नेला म्हणतात. पाऊल दिसायला थोडी श्रद्धा लागते आणि थोडा मोबाईलचा टॉर्च, दोन्ही घेऊन जा.

आणि हो, ही जागा मुस्लिमांच्या ताब्यात आहे, हे ऐकून बसमध्ये कुजबुज झालीच. चौथ्या शतकाच्या शेवटी शेवटी पोइमेनिया नावाच्या एका श्रीमंत रोमन बाईने इथे पहिलं चर्च बांधलं, मग मोडतोड, परत बांधणी, आत्ताची खोली क्रुसेडरांच्या (धर्मयुद्धाला आलेल्या युरोपी ख्रिस्ती लोकांच्या) काळातली, म्हणजे बाराव्या शतकातली. 1187 मध्ये सलाहुद्दीनने यरुशलेम घेतलं आणि त्यानंतर या चॅपलची मशीद झाली, आत दक्षिणेच्या भिंतीत मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, अजून आहे. पण ईसाला, म्हणजे येशूला, देवाने वर उचलून घेतलं हे मुसलमानही मानतात, त्यामुळे जागा त्यांनाही परकी नाही. आणि स्वर्गारोहणाच्या सणाला ख्रिस्ती लोकांना इथे उपासना करू देतात, अंगणाच्या भिंतीत तंबू बांधायचे हूक आहेत ते मी मुद्दाम शोधून बघितले, मला ते पावलापेक्षा जास्त आवडले!

सगळ्यात भारी गोष्ट गाईडने सांगितलीच नाही, मी नंतर वाचली. जुन्या चर्चला मध्यभागी छप्परच नव्हतं. प्रभू गेला ती वाट उघडी राहावी म्हणून आभाळ मोकळं सोडलेलं. क्रुसेडरांनीही खोली वरून उघडीच ठेवलेली, घुमट आणि कमानींमधल्या भिंती नंतर आल्या. आता हे माहीत असताना आत उभं राहिलं की सारखं वर बघावंसं वाटतं, आणि तेवढ्यात बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय आठवतो, शिष्य वर बघत उभे, आणि पांढऱ्या कपड्यातले दोघे त्यांना जवळपास झापतातच, की गालीलकरांनो आकाशाकडे काय बघत बसलात, तो जसा गेला तसाच परत येणार आहे. म्हणजे थांबू नका, कामाला लागा.

आमच्याकडे या सणाला ईस्टरच्या मानाने कोण विचारतं, 40 व्या दिवशी गुरुवार येतो, ऑफिस असतं, संपला विषय. मलाही लहानपणी हा निरोपाचा दिवस वाटायचा, स्टेशनवर कुणाला सोडून आल्यासारखा. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटी लिहिलंय की शिष्य मोठ्या आनंदाने यरुशलेमला परतले. माणूस डोळ्यांसमोरून गेला आणि हे आनंदात, का? कारण तो गालीलच्या एका गावात किंवा एका खोलीत असायचा तो आता कुठल्याही खोलीत असू शकतो. मी जाणं तुमच्या हिताचं आहे, असं तो आधीच बोललेला, कारण गेल्यावर पवित्र आत्मा येणार होता आणि दहा दिवसांनी पेन्टेकॉस्टला आलाच. शिवाय तो वर गेला तो माणूस म्हणूनच, खिळ्यांच्या व्रणांसकट, शरीर इथे टाकून नाही. पित्याच्या उजवीकडे आपल्यातलाच एक जण बसलाय आणि आपल्यासाठी मध्यस्थी करतोय, इब्री लोकांस पत्रात महायाजक म्हटलंय ते हेच. मतांगीकारात, म्हणजे उपासनेतल्या विश्वासाच्या कबुलीत, दर रविवारी "स्वर्गात चढला" घडाघडा म्हणून पुढे जातो आपण, त्या एका ओळीत एवढं भरलंय.

ऑफिसमधल्या मैत्रिणीला फोटो दाखवले तर म्हणाली, म्हणजे तुकोबांसारखं सदेह वैकुंठ ना? म्हटलं जवळ जवळ, फक्त आमच्यात परत यायचं रिटर्न तिकीट आहे. हसली. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तर तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, त्यामुळे तिचा प्रश्न मला अजिबात खटकला नाही.

आता तक्रार. टूर कंपनीचं नाव घेत नाही, पण इथे फक्त दहा मिनिटं दिली आणि त्यानंतर दुकानात पाऊण तास! जैतून लाकडाच्या क्रूसांचं दुकान, गाईडचं कमिशन असणार, कळतं हो सगळं. पाळकसाहेबांनी वचन वाचायला घेतलं तर "लवकर लवकर". प्रोग्रॅममध्ये छापलेली छोटी उपासना झालीच नाही.

जमलं तर स्वतःच्या वेळाने जा. तिकीट अगदी किरकोळ आहे, शेकेलमध्ये सुट्टे ठेवा. जवळच रशियन ऑर्थोडॉक्स कॉन्व्हेंटचा 64 मीटरचा मनोरा लांबूनच दिसतो, त्यांच्या मते प्रभू वर गेला ती जागा तिथे आहे, त्या वादात पडू नका. लूक बेथानीकडे म्हणतो आणि कृत्ये जैतून डोंगर, पण बेथानी याच डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, त्यामुळे डोकं खाजवायचं कारण नाही. परत येताना बसने न येता पायथ्याच्या गेथशेमाने बागेपर्यंत चालत उतरा, उतार तीव्र आहे, गुडघेवाल्यांनी काठी घ्या. शिष्यही हाच डोंगर उतरून शहरात गेले, शब्बाथाच्या (यहुद्यांच्या विसाव्याच्या) दिवशी चालायची मुभा होती तेवढंच अंतर, साधारण एक किलोमीटर. मला अर्धा तास लागला, मध्ये दोनदा थांबून मागे वळून बघितलं म्हणून.