नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या मधुमेह क्लिनिकमधली समुपदेशनाची खोली

माझे सासरे पिंपळगावचे, द्राक्षबागायतदार. इन्सुलिन चालू असूनही उपाशीपोटीची साखर काही उतरेना, त्यामुळे डोस वाढवायचं घाटत होतं. डॉक्टरांनी आधी शेजारच्या खोलीत पाठवलं. हा अभिप्राय त्या खोलीबद्दल आहे.

तिथल्या ताईंनी माहितीपत्रक हातात दिलं नाही. म्हणाल्या, "काका, घरी घेता तसं माझ्यासमोर भरून दाखवा." सासऱ्यांनी पिशवीतली बाटली-सिरिंज काढून बरोबर २० च्या रेघेपर्यंत भरलं. ताईंनी सिरिंजचं टोपण उचलून दाखवलं: केशरी. बाटली ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट इन्सुलिन, आणि सिरिंज मात्र १०० युनिटवाल्या बाटलीची! ४० ला लाल टोपणाची लागते. मेडिकलमधून मिळाली ती सिरिंज आम्ही वापरत होतो, म्हणजे २० च्या जागी ८ युनिटच पोटात जात होतं. अशात डोस वाढला असता आणि पुढच्या वेळी दुकानातून लाल टोपणाची आली असती तर? वाढवलेला डोस सगळाच्या सगळा गेला असता आणि साखर एकदम खाली आली असती. विचारानेच माझ्या पोटात गोळा आला.

दुसरं मला फार आवडलं, त्या "समजलं ना?" असं विचारतच नाहीत. त्याला आपली माणसं मान डोलावून मोकळी होतात. त्यांनी विचारलं, "घाम फुटला, हातपाय थरथरले, तर काकूंना काय आणायला सांगाल?" सासरे म्हणाले, शेंगदाण्याचा लाडू. मग नीट सांगितलं: लाडवातल्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आणि हे सगळं सासऱ्यांकडून पुन्हा वदवून घेतलं. एकादशीचा उपवास, हंगामातली द्राक्षं, सगळं विचारलं, पण कुठेही रागावणं नाही.

वेगळे पैसे नाहीत, तपासणीच्या फीमध्येच येतं.

खटकलं ते माहितीपत्रक. अक्षर बारीक, मराठी अगदी बोजड. दोन्ही टोपणांचं रंगीत चित्र छापलं तरी पुष्कळांचं काम होईल, तसं मी काउंटरवर सांगून आले. शिवाय खोली दुपारी बंद होते. पेठ-सुरगाण्याहून एसटीने येणाऱ्यांनी काय करायचं?

जाणार असाल तर नुसती चिठ्ठी नेऊ नका. बाटली, सिरिंज, गोळ्यांची पाकिटं, सगळं पिशवीत घालून न्या. उन्हाळ्यात बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका.