चित्र तुमचं, पण पान कोणाचं? कर्बीची वाट आणि शुल्ट्झची वाट

अमेरिकन कॉमिक्स-चित्रकार जॅक कर्बीला मार्व्हल या कॉमिक्स कंपनीकडून येणाऱ्या चेकच्या मागच्या बाजूला काही ओळी छापलेल्या असायच्या. त्यांच्याखाली सही केल्याशिवाय चेक वटायचा नाही, आणि सही केली की त्या कामावरचे सगळे हक्क कंपनीकडे गेले असा अर्थ व्हायचा. चित्रांवर पोट भरायचं म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी ही गोष्ट सांगते. कोणाची रेषा भारी, हे नंतर बघू. हातावेगळं केलेलं पान पुढे कोणाचं राहतं, ते आधी बघायचं.

मी स्वतः हे उशिरा शिकले. सुरुवातीची काही वर्षं एका दिवाळी अंकासाठी कथाचित्रं काढली, जलरंगात, कॅन्सन कागदावर. छपाई झाल्यावर मूळ चित्रं मागायला गेले तर ती 'कुठेतरी असतील'. अजून मिळालेली नाहीत.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत कॉमिक्सच्या दोन मोठ्या वाटा होत्या: कंपनीसाठी पानामागे ठरलेल्या दराने काम करायचं, नाहीतर वर्तमानपत्रात आपली रोजची चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) चालवायची. पहिल्या वाटेवर कर्बी, दुसऱ्या वाटेवर 'पीनट्स'वाला चार्ल्स शुल्ट्झ. दोघंही कष्टकरी घरातले. कर्बी १९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये जन्मला, वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला. शुल्ट्झ १९२२चा, मिनेसोटातला, वडील न्हावी. शुल्ट्झ चित्रकला पोस्टाने शिकला. दोघंही दुसऱ्या महायुद्धात युरोपात होते, कर्बीचे पाय तर हिमदंशाने जाता जाता वाचले. म्हणजे एकाला आयतं मिळालं आणि दुसऱ्याला नाही, असं काही नव्हतं.

कर्बीच्या हाताचा वेग आजही थक्क करतो. सहकारी जो सायमनबरोबर त्याने कॅप्टन अमेरिका हा नायक उभा केला. मार्च १९४१ अशी तारीख असलेल्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यात ठोसा हाणतो, आणि तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. पुढे १९६१पासून मार्व्हलचा लेखक-संपादक स्टॅन लीबरोबर फँटास्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन, ब्लॅक पँथर. लाँग आयलंडवरच्या घराच्या तळघरात, घरचे ज्याला अंधारकोठडी म्हणायचे त्या खोलीत, बसून त्याने काही वर्षी हजारावर पानं काढली. पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि चौकटीमागून चौकट भरत खाली यायचं. कच्चं रेखाटन जवळजवळ नाहीच.

त्या बदल्यात हाती पडला पानाचा दर. चित्रपट, खेळणी, पुनर्मुद्रण यांतला वाटा नाही. १९७० साली तो मार्व्हल सोडून डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला, तर फँटास्टिक फोर थांबलं नाही; जॉन रोमिटाने पुढचा अंक काढला. मला यातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. ऐंशीच्या दशकात मार्व्हलने चित्रकारांना मूळ पानं परत द्यायला सुरुवात केली तेव्हा, दहा हजारांच्या घरात पानं काढलेल्या कर्बीसमोर ८८ पानं ठेवली, आणि तीही एका लांबलचक हक्कसोडपत्रावर सही करण्याच्या अटीवर. बरंच भांडण झाल्यावर १९८७मध्ये दोन हजारांच्या आसपास पानं मिळाली. १९९४मध्ये तो गेला. कुटुंबाने हक्कांसाठी दिलेला लढा २०१४मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या दारातून, तडजोडीने मिटला. त्याच्या हयातीत त्याला बरा पगार आणि आरोग्यविमा मिळाला तो अ‍ॅनिमेशनच्या नोकरीत, साठीच्या आसपास.

शुल्ट्झचं बघा. 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वर्तमानपत्रांत सुरू झालं, पहिल्या महिन्याची कमाई ९० डॉलर. कॉपीराइट सिंडिकेटकडे, म्हणजे पट्ट्या वर्तमानपत्रांना विकणाऱ्या कंपनीकडे, होता. पट्टीचं नावही त्यांनीच लादलं होतं, आणि ते त्याला शेवटपर्यंत आवडलं नाही. म्हणजे करार त्याचाही काही आदर्श नव्हता. पण उत्पन्नात वाटा होता, आणि नाव झाल्यावर त्याने करार नव्याने करून घेतला: माझ्यामागे ही पट्टी दुसऱ्या कोणी काढायची नाही. १७,८९७ पट्ट्या झाल्या, सगळ्या त्याच्या हातच्या. आपले व्यंगचित्रकार मारियो मिरांडा १९७४मध्ये अमेरिकेला गेले तेव्हा या शुल्ट्झला भेटले होते.

या वाटेचीही किंमत आहेच. जवळजवळ पन्नास वर्षांत त्याने सलग मोठी सुट्टी घेतली ती एकदाच, १९९७मध्ये, पाच आठवडे. १९८१च्या बायपासनंतर हात थरथरू लागला. शेवटच्या वर्षांतल्या पट्ट्या जवळ धरून बघा: स्नूपी कुत्र्याच्या पाठीची रेषा आधी कशी एका दमात उतरलेली असायची, आणि नंतर ती कशी बारीक हिसके घेत पुढे सरकते. तरी संवादांची अक्षरंही त्याचीच. निब बनवणारी कंपनी बंद होणार म्हटल्यावर त्याने उरलेला सगळा साठा विकत घेतला होता. १२ फेब्रुवारी २०००च्या रात्री तो गेला आणि दुसऱ्या दिवशी शेवटची रविवारची पट्टी छापून आली.

याच वाटेची एक फांदी बिल वॉटरसनची. आपल्या पात्रांची खेळणी, कॉफीचे मग, टीशर्ट नकोतच म्हणून तो सिंडिकेटशी भांडला, जिंकला, आणि १९९५मध्ये सदतिसाव्या वर्षी आपली 'कॅल्विन अँड हॉब्ज' ही पट्टी थांबवून घरी बसला. मन ओढ घेतं, पण हे परवडलं ते आधीच्या दहा वर्षांच्या यशामुळे.

चित्रकार नॉर्मन रॉकवेलची, नियतकालिकांच्या मुखपृष्ठांची वाट आज तशी उरलेली नाही. 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'सारखा ४७ वर्षं काम देणारा एक मालक आता कुठे शोधणार? त्याची चित्रं जरूर अभ्यासा, त्याचा व्यवसाय पुढ्यात ठेवून बेत आखू नका.

मग निवड कशी करायची? डोक्यात रोज नवीन दुनिया उसळत असेल, लेखकाबरोबर काम करायला आवडत असेल, तर कर्बीची वाट घ्या. पण पानाच्या दरावर भुलू नका, पात्र तुमचं असेल तर त्यातला वाटा पहिल्याच दिवशी बोला. चार पात्रं आणि एक अंगण एवढ्यावर वीस वर्षं रमता येत असेल, तर शुल्ट्झची. मला विचाराल तर दुसरी. पैशापेक्षाही त्या एका अटीसाठी, की माझ्यानंतर हे कोणी काढणार नाही.

मी आता कुठलंही काम घेताना मानधनावर फार ताणत नाही. ईमेलवर दोन ओळी मात्र लिहून घेते: मूळ चित्र छपाईनंतर परत, आणि हक्क या एका अंकापुरते. बहुतेक संपादक हो म्हणतात.