वीस मिलिग्रॅमचं निवोलुमॅब: इंजेक्शन सोपं, गोळ्या जपून

तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर उलटला आणि ऑपरेशनची वाट बंद झाली, की इम्युनोथेरपीचं (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणाऱ्या उपचारांचं) घोडं पैशांपाशी अडतं. निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनचा नेहमीचा डोस दर २ आठवड्यांनी २४० मिग्रॅ. मुंबईच्या टाटा मेमोरियलने तीन औषधांच्या गोळ्यांच्या जोडीला दर ३ आठवड्यांनी फक्त २० मिग्रॅ देऊन पाहिलं. हिशेबाने अठरावा भाग. प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवरचा पीडी-१ हा ब्रेक अडवायला औषध फार लागत नाही, हा त्यामागचा तर्क.

जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत २०२३ मध्ये छापलेल्या त्या चाचणीत १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगले १६.३ टक्के, इंजेक्शन जोडल्यावर ४३.४ टक्के. मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण जेवढा काळ तरी जगले तो) मात्र ६.७ महिन्यांवरून १०.१ वरच गेलं, हेही घरच्यांना सांगायला हवं. शिवाय तुलना गोळ्यांशी होती, पूर्ण डोसशी नाही. 'तेवढंच काम करतं' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

खरी मेख व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या बाटलीत आहे. सर्वांत लहान व्हायल ४० मिग्रॅची, ४ मिलि; लागतात २ मिलि. प्रिझर्व्हेटिव्ह नसल्याने उरलेली अर्धी पुढच्या खेपेला ठेवता येत नाही. एकाच दिवशी दोन रुग्ण बसवले तरच पैसे वाचतात, तेव्हा असे दिवस ठरवून देणारं सेंटर बघा. सवयीने १०० मिलि सलाईनमध्ये मिसळलं तर प्रमाण ०.२ मिग्रॅ प्रति मिलि होतं. माहितीपत्रकात १ ते १० आहे. म्हणजे एकूण २० मिलिच्या वर जायचं नाही. व्हायल हलवायची नाही, फिल्टरच्या नळीतून ३० मिनिटांत द्यायचं.

जोडीच्या गोळ्या तीन: मेथोट्रेक्सेट ९ मिग्रॅ प्रति चौरस मीटर, सेलेकॉक्सिब २०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, एर्लोटिनिब १५० मिग्रॅ एकदा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच! रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी कोसळतात, जीवावर बेततं. पाकिटावर ठळक अक्षरांत वार लिहून घ्या. सेलेकॉक्सिबने किडनी मंदावली की तेच मेथोट्रेक्सेट अंगात साठतं, म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघत राहावं. एर्लोटिनिब उपाशीपोटी, ॲसिडिटीच्या गोळ्यांनी त्याचं शोषण घटतं आणि बिडी-सिगारेट चालू असेल तर रक्तातली पातळी उतरते.

घोळ होतो तो जुलाबांत. एर्लोटिनिबनेही होतात, निवोलुमॅबने चेतलेल्या प्रतिकारशक्तीमुळे आतडं सुजलं तरीही होतात. पहिल्यात गोळी थांबवून भागतं, दुसऱ्यात स्टेरॉइड लागतं आणि ते महिनाभर हळूहळू उतरवावं लागतं. डोस लहान म्हणून हा धोका टळत नाही. रक्त किंवा पोटात मुरडा असेल तर घरी लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) देत बसू नका, थेट इंजेक्शन देणाऱ्या डे-केअरला फोन करा. कोरडा खोकला आणि धाप लागली तरी तेच. प्रत्येक खेपेआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (लिव्हरची तपासणी), क्रिएटिनिन आणि साखर. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) दर दीड-दोन महिन्यांनी. थकवा 'कॅन्सरचाच' म्हणून सोडून दिला जातो आणि थायरॉइड मंदावल्याचं उशिरा कळतं.